केंब्रिजमधला एक वर्ग आणि कागदावरचे यंत्र (धागा)

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांपासून सांगितला जातो: बॅबेजची दातेरी चाके, महायुद्धातल्या निर्वात नळ्या, मग ट्रान्झिस्टर. आजचा धागा मात्र एका वर्गाविषयी आहे. १९३५ च्या वसंतात केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या पायाविषयी एक व्याख्यानमाला झाली. शिकवीत होते मॅक्स न्यूमन. श्रोत्यांमध्ये २२ वर्षांचा ॲलन ट्युरिंग होता.

ट्युरिंगला त्या वर्गाची गरज नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये किंग्ज कॉलेजने त्याची फेलो म्हणून निवड केली होती. ज्या प्रबंधावर ही निवड झाली, त्यातला मुख्य सिद्धान्त लिंडेबर्ग या गणितज्ञाने १९२२ मध्येच सिद्ध केलेला होता. ट्युरिंगने तो त्याची काहीही कल्पना नसताना, स्वतःच्या वाटेने पुन्हा शोधला होता. हा योग ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

न्यूमन वर्गात काय सांगत होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९२८ मध्ये जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी गणितापुढे तीन प्रश्न ठेवले. गणित पूर्ण आहे काय, म्हणजे प्रत्येक विधान एक तर सिद्ध करता येते किंवा खोडून काढता येते काय? ते सुसंगत आहे काय, म्हणजे त्यातून परस्परविरोधी निष्कर्ष कधीच निघणार नाहीत ना? आणि तिसरा प्रश्न: कोणतेही विधान समोर ठेवले, तर ते सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरवणारी एखादी ठाम, पायरीपायरीची रीत आहे काय?

पहिल्या दोन आशांना १९३१ मध्ये कुर्ट गोडेल या तरुणाने सुरुंग लावला. न्यूमन यांची व्याख्याने गोडेलच्या सिद्धान्तापर्यंत येऊन थांबत. तिसरा प्रश्न तेवढा उघडा होता. तो मांडताना न्यूमन यांनी एक शब्दप्रयोग केला: अशी एखादी ‘यांत्रिक प्रक्रिया’ असू शकेल काय?

इतरांनी तो शब्द अलंकार म्हणून ऐकला असावा. ट्युरिंगने तो शब्दशः घेतला.

त्या उन्हाळ्यात केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टरच्या कुरणात पडून असताना आपल्याला उत्तर सुचले, असे त्याने पुढे मित्राला सांगितले. ‘यांत्रिक’ म्हणजे नेमके काय? यासाठी त्याने गणित करणाऱ्या माणसाकडे पाहिले. त्या काळी इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ म्हणजे यंत्र नव्हे, आकडेमोड करणारा माणूस! हा माणूस चौकटींच्या कागदावर लिहितो. एका वेळी त्याला मोजकीच चिन्हे दिसतात. त्याच्या मनाच्या अवस्थाही मोजक्याच. समोरचे चिन्ह आणि मनाची अवस्था, एवढ्यावर पुढची कृती ठरते: लिहावे, पुसावे, शेजारच्या चौकटीकडे जावे, अवस्था बदलावी. यातून माणूस वगळा. उरते ती एक लांब फीत आणि नियमांचे एक कोष्टक.

हे कोष्टकही अखेर चिन्हांनीच लिहिलेले असल्याने त्याला एक संख्या देता येते. मग असे एकच यंत्र कल्पिता येते, जे दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे कोष्टक फितीवरून वाचून त्याच्यासारखे वागेल. आपल्या हातातला फोन एकाच दिवसात कॅमेराही होतो आणि हिशेबाची वहीही, त्याचे तत्त्व हेच. ट्युरिंगला मात्र तेव्हा फोन नव्हे, हिल्बर्टचे उत्तर हवे होते.

युक्तिवाद सावकाश वाचावा. काही यंत्रे अंकामागून अंक छापत राहतात, काही मध्येच अडकतात. समजा, संख्या पाहून ‘हे यंत्र अडकेल की नाही’ हे अचूक सांगणारा एक परीक्षक आहे. त्याला पोटात घेऊन आपण नवे यंत्र बांधू. ते १, २, ३ अशा क्रमाने प्रत्येक संख्या परीक्षकाला दाखवील. न अडकणारे पहिले यंत्र सापडले की त्याचा पहिला अंक काढून छापील, दुसरे सापडले की त्याचा दुसरा, आणि पुढे तसेच. परीक्षक खरा असेल, तर हे नवे यंत्रही कधी अडकणार नाही. पण चालता चालता त्याच्यासमोर त्याची स्वतःचीच संख्या येते. आता छापायचा अंक मिळवण्यासाठी त्याला आपलेच सारे काम पहिल्यापासून करावे लागते, पुन्हा त्याच जागी पोहोचावे लागते, आणि पुन्हा तेच. ते अडकते. म्हणजे असा परीक्षक असूच शकत नाही. यावरून ट्युरिंगने दाखवले की हिल्बर्टला हवी असलेली रीतही अस्तित्वात नाही.

एप्रिल १९३६ मध्ये त्याने हस्तलिखित न्यूमन यांच्या हाती दिले. मे महिन्यात अमेरिकेहून एक निबंध केंब्रिजला पोहोचला. प्रिन्स्टनच्या अलोन्झो चर्च यांनी वेगळ्या वाटेने तेच उत्तर आधीच प्रसिद्ध केले होते. दुसऱ्यांदा तोच योग!

निबंध इथेच फडताळात जायचा. न्यूमन यांनी तसे होऊ दिले नाही. माझ्या मते या कथेतला त्यांचा खरा वाटा हाच. पद्धत सर्वस्वी निराळी असल्याने निबंध छापलाच पाहिजे, असा आग्रह त्यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे धरला. ३१ मे रोजी खुद्द चर्च यांनाही पत्र लिहिले: हा मुलगा कोणाच्याही देखरेखीविना एकट्याने काम करीत आला आहे, तो कायमचा एकांडा होऊ नये म्हणून त्याचा या विषयातल्या अग्रणींशी संपर्क यायला हवा.

न्यूमन यांचा आग्रह रास्त होता. चर्च यांची व्याख्या गणन या कल्पनेला पुरती व्यापते, हे गोडेलला पटलेले नव्हते. ट्युरिंगचे विवेचन वाचल्यावर ते पटले.

सप्टेंबरमध्ये ट्युरिंग प्रिन्स्टनला गेला आणि चर्च यांच्याच मार्गदर्शनाखाली १९३८ मध्ये त्याने पीएच.डी. मिळवली. ‘ट्युरिंग मशीन’ हे नावही त्याचे नव्हे. १९३७ मध्ये निबंधाचे परीक्षण लिहिताना ते चर्च यांनीच दिले.

आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’च्या पेपरात फीत आणि कोष्टक काढतात, ते हेच. न्यूमन युद्धकाळात ब्लेचली पार्कला गेले; त्यांच्या विभागासाठी ‘कोलोसस’ यंत्रे उभी राहिली. युद्धानंतर ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. तिथे २१ जून १९४८ रोजी एका यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला कार्यक्रम प्रथमच चालवून दाखवला. त्याच वर्षी न्यूमन यांनी ट्युरिंगला मँचेस्टरला बोलावून घेतले.