समई आणि वेब्ली

आमच्या घरी पणजीची एक पितळी समई आहे. गावात वीज आली तेव्हा काकांनी मोठ्या हौसेने तिच्या दांड्यातून वरच्या तबकापर्यंत आरपार भोक पाडून घेतले, तार ओवली आणि वर बल्ब बसवला. दोन दिवाळ्या ती झगझगली; मग तार जळली. आता तेल घालावे तर भोकातून गळते. ना धड समई, ना धड दिवा!

रिव्हॉल्व्हरचा इतिहास वाचताना मला या समईची आठवण होते. हत्यार आजोबांचे, पण त्याचे काडतूस बाजारात नाही. नातवाने काय करावे? जुन्या हत्याराला नवे काडतूस चालवण्याचे काम अमेरिकेत दोनदा मोठ्या प्रमाणावर झाले, आणि दोन्ही वेळा निकाल निराळा लागला.

पहिला प्रसंग १८६१–६५ च्या यादवी युद्धानंतरचा. कोल्टच्या १८५१ आणि १८६० च्या रिव्हॉल्व्हरांत काडतूस नव्हतेच. फिरत्या चक्रीच्या खान्यात पुढून दारू आणि गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. धातूचे काडतूस मागून भरायचे तर खाना आरपार पोकळ हवा; पण अशा चक्रीचे पेटंट १८५५ साली रोलिन व्हाइटने घेतले होते. त्याचा हक्क स्मिथ अँड वेसनने मिळवला. दर नगामागे पाव डॉलर व्हाइटला, आणि पेटंटसाठी कोर्टकज्जे लढण्याचा खर्चही व्हाइटच्याच गळ्यात! १८६९ साली मुदत संपली. त्याला मुदतवाढीची वाट मोकळी करणारे विधेयक १८७० साली अध्यक्ष ग्रँट यांनी परत पाठवले. १८७१ साली कोल्टच्या चार्ल्स रिचर्ड्‌सने चक्रीचा मागचा भाग काढून तेथे नवी तबकडी बसवण्याचे पेटंट घेतले आणि जुनी हत्यारे काडतूस खाऊ लागली. ज्या कारखान्याने ती घडवली, त्यानेच ती विचारपूर्वक बदलली. आज संग्राहक ही बदललेली रिव्हॉल्व्हरेही आवडीने जपतात.

दुसरा प्रसंग दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ब्रिटिश लष्कराने १९१५ साली स्वीकारलेली .४५५ बोअरची वेब्ली मार्क सहा अमेरिकेत स्वस्तात विकायला आली. तिचे काडतूस तेथे दुर्मिळ. १९११ च्या लष्करी पिस्तुलाचे.४५ चे काडतूस मात्र मुबलक. व्यापाऱ्यांनी चक्रीची मागची बाजू तासून घेतली. तीन-तीन काडतुसे धरणारी अर्धचंद्राकृती पट्टी १९१७ पासून तेथे होतीच. काडतूस चपखल बसले! पण मापात बसणे निराळे आणि सोसणे निराळे. .४५ चा दाब वेब्लीच्या मूळ काडतुसाहून कितीतरी अधिक. काही चक्र्या फुटल्या.

नियतीचा विनोद पाहा. इटलीतल्या फिओक्की कारखान्याने पुढे .४५५ ची काडतुसे बनवली, आणि आज संग्राहक न तासलेल्या वेब्लीला अधिक किंमत मोजतात. टंचाई तात्पुरती ठरली; तासणे मात्र कायमचे. बाजारातला माल बदलत राहतो, कापलेले पोलाद पुन्हा वाढत नाही.

यंदा मुलगा म्हणाला, “बाबा, पणजीच्या समईला नवा दिवा बसवू या का?” मी त्याला शेजारी बसवून वेब्लीची गोष्ट सांगितली. मग दोघे तिला घेऊन तांबटाकडे गेलो, भोक बुजवायला.