वृक्षनिगा (घराच्या आवारातील जुन्या झाडांची)

घराच्या किंवा सोसायटीच्या आवारातील वाढलेल्या झाडांची तपासणी, छाटणी, मुळांची जपणूक आणि रोग-किडींवरचे उपाय या जाणकाराकडून करून घ्यायच्या कामांना मिळून वृक्षनिगा म्हणतात. रोपाला खतपाणी घालणे हे बागकाम झाले. पन्नास-साठ वर्षांच्या आंब्याला, पर्जन्यवृक्षाला किंवा गुलमोहराला हात लावणे हे निराळे कसब आहे. आपल्याकडे हे काम पुष्कळदा लाकडाच्या बोलीवर दिले जाते: फांद्या तोडणाऱ्याने मजुरीऐवजी लाकूड न्यायचे. असा व्यवहार ठरला की वाळलेल्या काटक्या झाडावरच राहतात आणि मांडीएवढ्या जिवंत फांद्या टेम्पोत जातात. ही पद्धत बंद व्हायला हवी.

छाटणीच्या आजच्या शास्त्राचा पाया अमेरिकेच्या वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो (1930–2006) यांनी घातला. असंख्य झाडे उभी चिरून त्यांनी दाखवले, की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. कुजलेले लाकूड पुन्हा धड होत नाही. झाड त्याच्याभोवती आतून भिंती घालून कूज कोंडून ठेवते आणि वरून नवे लाकूड चढवत राहते. ही मांडणी 1977 साली प्रसिद्ध झाली. झाडावरचा प्रत्येक घाव त्याच्या अंगात जन्मभर राहतो, म्हणून घाव कुठे पडतो याला सगळे महत्त्व.

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीची फुगीर, सुरकुतलेली कड असते. आंब्यावर ती बोटांनी चाचपली तरी कळते. जखम झाकणारे नवे लाकूड याच कडेतून येते. जड फांदी काढताना पहिला काप खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका घेतात. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी दोराने बांधून सावकाश उतरवली जाते. खालच्या पहिल्या कापामुळे तिच्याबरोबर खोडाची साल सोलली जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने त्या फुगीर कडेच्या बाहेरून काढायचा. काप बरोबर बसला तर जखमेभोवती साडीच्या गोटासारखे गोल कडे चढू लागते. खोडालगत सपाट कापले तर ती कड जाते आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत शिरतो. कापावर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी रीतही सोडून द्यावी: झाड वाऱ्यात डुलते, सिमेंट डुलत नाही, आणि दोहोंच्या फटीत ओल साठते.

झाड बोडणे, म्हणजे सगळे शेंडे उडवून सोटे उभे ठेवणे, हा सर्वांत घातक प्रकार. अन्न करणारी पाने एकदम गेल्याने झाड साठा मोडून घाईने पानसोट फोडते. दाट हिरवळ पाहून मालकाला झाड सावरल्यासारखे वाटते. पण हे फुटवे सालीलगत वरवर चिकटलेले असतात आणि जाड झाल्यावर वादळात तेच आधी निखळतात. एका वर्षात पानोऱ्याच्या चौथाईहून अधिक छाटू नये, जुन्या झाडाचा तर त्याहून कमीच. वाळलेली फांदी केव्हाही काढावी. मात्र मे महिन्यात, पावसाच्या धास्तीने छाटणीची घाई होते तेव्हा, कावळ्यांसह अनेक पक्ष्यांची घरटी झाडावर असतात. ती पाहिल्याशिवाय करवत चालवू नये.

मुळांकडे तर कोणी बघतच नाही. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि पानोऱ्याच्या घेराबाहेर दूरवर पसरतात. पार्किंगसाठी खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, नळासाठी चर खणला किंवा बुंध्यावर भराव टाकला, की झाड लगेच मरत नाही. काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते आणि तोवर तो चर सगळे विसरलेले असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीत झाडांच्या खोडापासून एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एक मीटर म्हणजे अगदी किमान.

तपासणी बुंध्यापासून सुरू होते. बुडाशी उगवलेली कडक अळंबी, एका बाजूला उचललेली माती, अलीकडे आलेला कल ही धोक्याची लक्षणे. नुसती ढोली म्हणजे धोका नव्हे. बाहेरचे कडे जाड व धड असेल तर पोकळ खोडही नळीसारखे उभे राहते. जाणकार लाकडी हातोड्याने ठोकून आवाज ऐकतो, शंका आल्यास ध्वनिलहरींच्या यंत्राने आतली कूज मोजतो. आंब्याच्या खोडातून भुसा गळत असेल तर ते भिरुडाचे काम. बांडगूळ नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते. चिकटल्या जागेच्या खाली फूटभर फांदी कापावी लागते.

महाराष्ट्राच्या शहरांत 1975 चा झाडे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात झाड तोडणे या शब्दात जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. गोव्यात 1984 चा स्वतंत्र कायदा आहे. झाड आपल्या आवारात असले तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात येईपर्यंत त्यावर माणूस चढवू नये.