शिळा, कांच आणि वक्ररेषा

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी गाडी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी हीं कारखान्यांनीं गजबजलेलीं स्थानकें मागें टाकून तळेगांव व कामशेत ओलांडते, आणि मग मळवली नांवाचें एक लहानसें स्थानक येतें. कार्ल्याचीं लेणीं किंवा लोहगड पाहावयास निघालेल्या मंडळीखेरीज येथें उतरण्याचें परक्या माणसास कांहीं कारण नाहीं. परंतु आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरांत ज्या लक्ष्मी आणि सरस्वती भिंतीवर विराजमान झालेल्या असत, त्यांपैकीं पुष्कळ याच आसमंतांत छापल्या गेल्या. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईस निघाला. त्या शतकाच्या अखेरीस तो मळवलीजवळ आला, आणि पुढें फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला.

चित्रकाराच्या हातांतून सुटल्यापासून कागदावर उमटेपर्यंत चित्राला एका तिसऱ्याच रूपांत राहावें लागतें. या रूपास हल्लींचे मांडणीकार फाइलचा फॉरमॅट म्हणतात. आपण साचा म्हणूं. साचा कोणता घ्यावा, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मला असा समज आहे. तो खरा नाहीं. या एका लोहमार्गाच्या आजूबाजूसच त्याचा बहुतेक इतिहास सांपडतो.

मळवलीस हा साचा दगडाचा होता. गुळगुळीत चुनखडीची शिळा (बव्हेरियांतील झोल्नहोफेनची सर्वांत उत्तम मानीत), तीवर तेलकट खडूनें उलटें काढलेलें चित्र, आणि तेलापाण्याचें जन्मजात वैर, एवढ्यावर सेनेफेल्डरनें १७९६ च्या सुमारास शोधलेली ही विद्या उभी आहे. ओल्या शिळेवर शाईचा रूळ फिरविला म्हणजे शाई तेलकट जागींच धरते. रंगीत चित्रास रंगागणिक निराळी शिळा लागे, आणि सगळ्या शिळांचे ठसे तंतोतंत एकावर एक बसले नाहींत, तर देवीच्या ओठांचा रंग गालावर जाई. काम संपलें कीं शिळा घांसून पुन्हां कोरी करतां येई व तीवर दुसरें चित्र चढे. प्रती देशभर पसरत. साचा मात्र पुसला जाई.

छायाचित्राच्या बाबतींत हा उपाय अपुरा पडला. शाई एक तर लागते किंवा लागत नाहीं. करडा रंग तिला ठाऊकच नाहीं. यावर तोड निघाली ती कांचेची. बारीक समांतर रेघा कोरलेल्या दोन कांचा एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवून त्या जाळींतून छायाचित्र पुन्हां टिपलें, म्हणजे त्याचे लहानमोठे ठिपके होतात. मोठे ठिपके जेथें दाट तेथें सावली, बारीक ठिपके जेथें विरळ दिसतात तेथें उजेड. अमेरिकेंत आइव्ह्ज व लेव्ही बंधू यांनीं ही हाफटोनची पद्धति व्यवहारांत आणली आणि कलकत्त्यास उपेंद्रकिशोर राय यांनीं तींत स्वतंत्र संशोधन केलें. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीं १९०८ मध्यें लोणावळ्यास चित्रांचे ठसे करण्याचा कारखाना काढला तो रविवर्म्याच्या छापखान्याच्या कामावर. चित्रपटाचा हा जनक आधीं ठशांचा कारागीर होता, ही गोष्ट आपण विसरतों.

वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदास इंचाला ६५ च्या आसपास रेघांची जाळी पुरे. गुळगुळीत कागदास १३३ किंवा १५० रेघांची लागे. आज कोणत्याही छापखान्यांत चित्र नेलें असतां 'इंचास ३०० ठिपके आहेत का?' हा जो ठराविक प्रश्न कानीं येतो, त्याचा उगम या १५० मध्यें आहे. जाळीच्या दर रेघेस संगणकाचे दोन ठिपके असावेत, असा हा हिशेब. २१० गुणिले २९७ मिलिमीटरच्या पानाचे या हिशेबानें सुमारें ८७ लक्ष ठिपके होतात, आणि चार शायांच्या चार नोंदी धरल्या तर साडेतीन कोटींच्या घरांत बाइट. हें ओझें जसेंच्या तसें वाहणारा साचा म्हणजे टिफ. तो आल्डस कंपनीनें १९८६ मध्यें काढला. १९९२ मध्यें ठरलेला जेपेग मात्र चतुर वाण्यासारखा आहे. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्यास न कळण्याइतका माल तो त्यांतून काढून घेतो. एकदां घेतला तर कळत नाहीं. पण तीच फाइल दहा वेळां उघडून बदलून पुन्हां सांठविली, तर लबाडी चेहऱ्यावर दिसूं लागते.

ठिपक्यांच्या या राज्यांत रेघेचें काय झालें? येथें आम्हांस चाकणकडे वळावें लागतें. ज्या चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० मध्यें शाइस्तेखानाविरुद्ध झुंजविला, त्याच्या परिसरांत आज मोटारी तयार होतात. फोक्सवॅगनचा कारखाना तेथें २००९ मध्यें सुरू झाला. मोटारीच्या पत्र्याचा बांक कागदावर नेमका कसा सांगावा, ही एके काळीं मोठी अडचण होती. फ्रान्समध्यें सित्रोएन कंपनींतील द कास्तेल्झो यांनीं १९५९ मध्यें आणि रेनो कंपनींतील पिएर बेझिए यांनीं त्यानंतर थोडक्याच काळांत ती सोडविली: बांकाचा प्रत्येक बिंदु न देतां चारच बिंदु द्यावयाचे, दोन टोकांचे आणि दोन रेघेस आपल्याकडे ओढणारे. बाकीची वळणें गणित काढून देतें.

अडोबी कंपनीनें १९८४ मध्यें पोस्टस्क्रिप्ट ही पानाचें वर्णन करणारी भाषा काढली, तेव्हां हीच वक्ररेषा तींत घेतली. त्यामुळें मोटारीचा मडगार्ड आणि आपला 'क' हीं एकाच गणिताचीं भावंडें झालीं. ईपीएस हा साचा याच भाषेंतला. ठिपके सांठविण्याऐवजीं येथें आज्ञा सांठविल्या जातात, म्हणून चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढें करा कीं दुकानाच्या पाटीएवढें, कड धारदारच राहते. मोटारसायकलच्या टाकीवरील नांव ज्या यंत्रानें कापतात, त्यालाही ठिपके कळत नाहींत. त्याच्या सुरीला चालावयास रेघच लागते.

हा भेद आम्हीं पैसे मोजून शिकलों. एका संस्थेच्या स्मरणिकेचें काम आमच्याकडे होतें. संस्थेचें चिन्ह फार पूर्वीं एका चित्रकला-शिक्षकांनीं बोरूनें काढलेलें. तें आम्हीं अंगठ्याएवढ्या जेपेगच्या रूपानें छापखान्यांत धाडलें. मुखपृष्ठावर तें वीतभर करण्यांत आलें, आणि त्या सुंदर वळणाच्या जिने-पायऱ्या झाल्या. छापखान्यानें विचारलें नाहीं, आम्हीं सांगितलें नाहीं.

पण खरें दुःख अक्षरांचें आहे. संगणकावर मराठी आणण्यांत पुण्याचा वांटा मोठा. मॉड्युलरची श्रीलिपि येथली, १९८८ मध्यें स्थापन झालेली सी-डॅक येथली. परंतु त्या काळीं प्रत्येक घराण्यानें काना, वेलांटी, अर्धा 'क' हे तुकडे रोमन अक्षरांच्या खणांत आपापल्या मतानें भरले. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ पासूनच जागा होती. छापखाने तिकडे फार उशिरां वळले. जीं मराठी पुस्तकें या खणांवर पेजमेकरमध्यें जुळलीं, त्यांच्या फायली आज दुहेरी कुलुपांत आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ति २००१ मध्यें निघाली. आणि जुना फॉन्ट नसेल तर उघडलेल्या फायलींतही रोमन अक्षरांचा कचराच दिसतो.

१९९३ मध्यें आलेल्या पीडीएफनें फॉन्ट पोटांत घेऊन फिरण्याची सोय केली, आणि जतनासाठीं तिचा एक वेगळा प्रकार २००५ मध्यें प्रमाण ठरला. तरी या जुन्या फॉन्टांतील पीडीएफमध्यें 'ज्ञानेश्वर' शोधूं जावें तर तो सांपडत नाहीं. डोळ्यास 'ज्ञानेश्वर' दिसतो. आंत मात्र असतात तीं रोमन लिपींतलीं निरर्थक चिन्हें.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्यें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरीं भिंतींवर राहिल्या. आमच्या त्या संस्थेस स्वतःची १९९६ ची जुनी स्मरणिका पुन्हां छापावयाची होती, तेव्हां चिटणिसांनीं मोठ्या विश्वासानें कपाटांतून चार फ्लॉपी काढून दिल्या. त्यांतील तीन उघडल्याच नाहींत. चौथींत रोमन अक्षरांचीं साठ पानें निघालीं. मग वाचनालयांतून छापील प्रत मागवून ती समोर ठेवली, आणि दोघां मुलांनीं आठ दिवस बसून सारा मजकूर पुन्हां जुळविला.