लेथची दोरी आणि कारागिराचीं बोटें

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सावंतवाडीच्या चितारआळींतून आणलेलें लांकडी फळांचें तबक आपल्यापैकीं अनेकांच्या दिवाणखान्यांत असेल. त्या आंब्याकेळ्यांचे रंग आपण कौतुकानें पाहतों. तीं घडविणाऱ्या हातांस कोणता धोका असतो आणि तो काळानुसार कसा पालटला, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

गंजिफा व लाखकाम यांना तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकीर्दींत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळांत, राजाश्रय मिळाला असें परंपरा सांगते. आपल्या देशांतील जुन्या लेथला यंत्र म्हणावें कीं नाहीं, असाच प्रश्न पडतो. दोन टोकांमध्यें धरलेलें लांकूड, त्यास वेढा दिलेली दोरी आणि ती आळीपाळीनें ओढणारा साथीदार, एवढाच त्याचा प्रपंच. लांकूड एकदां पुढें फिरे, एकदां मागें. पटाशी लावावयाची ती पुढच्या फेऱ्यालाच. काम संथ चाले खरें. परंतु पटाशी अडकली, कीं दोरी ओढणाऱ्यास तो ताण तत्काळ जाणवे आणि त्याचा हात आपोआप थांबे.

विजेची मोटर आली आणि हा साथीदार उठून गेला. मोटर दमत नाहीं. बाही गुंडाळली गेली तरी तिला पत्ता नसतो. लाखेची कांडी फिरत्या लांकडावर दाबली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें वितळून रंग बसतो, आणि त्या वेळीं बोटें किती जवळ जातात हें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून समजावयाचें नाहीं.

फळें गोल, म्हणून तीं लेथवर होतात. पाटाच्या सपाट फळीवर खोबण पाडावयाची तर प्रकार उलटा. लांकूड सरकतें आणि पातें फिरतें. विसाव्या शतकांत याच कामासाठीं निघालेल्या एका प्रकारच्या राउटर यंत्रांत पातें वरून टांगलेलें असून मिनिटाला हजारों फेरे घेतें. फळी पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनें सारावी, हा येथील मुख्य नियम. अनुकूल दिशेनें सारली तर पातें ती हिसकावून घेतें आणि हातही मागोमाग ओढला जातो. लहान तुकडा चौकटींत घट्ट बसवावा, खोल खोबण थराथरानें घ्यावी, पातें बदलण्यापूर्वीं वीज तोडावी. हातमोजे घालावेत असें वाटणें साहजिक आहे. परंतु त्यांचा धागा सांपडला तर बोटही त्याबरोबर जातें.

१९४८ च्या कारखाने-कायद्यानें यंत्राच्या धोकादायक भागांस आडोसा सक्तीचा केला. मात्र वीज वापरणाऱ्या जागीं निदान दहा कामगार असल्याशिवाय तो साधारणतः लागू होत नसे; बाप, मुलगा व एखादा गडी यांच्या बळावर चालणारी कार्यशाळा त्याच्या बाहेरच राहिली. म्हणून कारागिरास मोटरसाठीं अर्थसाह्य देतांना झांकण आणि बंद करण्याची कळ यांचा खर्चही त्यांतच धरावा, असें माझें मत आहे. ती कळ पायानें दाबतां येण्यासारखी असावी, कारण दोन्ही हात पटाशीवर गुंतलेले असतात.