जंगल पेटवणाऱ्या डोंगरानेच पुढे जंगल राखलं

आपल्याकडे डोंगरी गावांत सामूहिक वनहक्काच्या जंगलाचे आराखडे बनतायत. सरपण कुठून आणायचं, चराई कुठे बंद ठेवायची, गवत कधी कापायचं. हे काहीतरी नवं खूळ आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांच्यासाठी उत्तराखंडाची ही गोष्ट.

१९११ ते १९१७ च्या दरम्यान इंग्रज सरकारने कुमाऊँ-गढवालच्या आपल्या मुलखात सुमारे तीन हजार चौरस मैल जंगल राखीव केलं. गुरं चारणं, फांद्या तोडणं, सगळ्यावर बंधनं आली. सरकारला हवा होता चीड, म्हणजे तिकडचा पाइन. रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड आणि टर्पेंटाइनसाठी राळ, दोन्ही त्यातून मिळायचं. गावाला हवा होता बांज. त्याचा पाला गुरं खातात, लाकूड चुलीत छान जळतं, वाळलेली पानं गोठ्यात अंथरून खत होतं. चिडाच्या सुयांना गुरं तोंड लावत नाहीत.

१९२१ च्या उन्हाळ्यात लोकांनी राखीव जंगलं पेटवली. पण जळालं काय ते बघा. जळाला तो मुख्यतः चीड. रुंद पानांची जंगलंही सरकारच्याच ताब्यात होती, ती लोकांनी वाचवली! याला अडाण्यांचा दंगा म्हणणाऱ्यांनी एवढं एकच लक्षात घ्यावं.

मग सरकारने कमिशनर विंडहॅमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बरंच जंगल वनखात्याकडून काढून महसूल खात्याकडे दिलं आणि १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम आले. गावाने निवडलेले पंच जंगल सांभाळणार. कामाची पद्धत साधी. पावसाळ्यात गवताचा भाग बंद, पुढे ठरलेल्या दिवसांत खुला, घरटी माणसं किती ते ठरलेलं. राखणदाराचा पगार गावानेच पैशात किंवा धान्यात द्यायचा. चोरून कापताना सापडलात तर विळा जप्त आणि वर दंड. आज उत्तराखंडात अशा अकरा हजारांहून जास्त वन पंचायती आहेत. सगळ्याच चांगल्या चालतात असं नाही. काही फक्त कागदावर आहेत, आणि १९७६ नंतरच्या नियमांनी वनखात्याचा हात पुन्हा वर झाला.

पण मला खरी महत्त्वाची वाटते ती १९८० मधली चमोली जिल्ह्यातल्या डुंगरी-पैतोलीची घटना. चिपको म्हटलं की आपल्याला १९७४ चं रेणी आणि गौरादेवी आठवतात. तिथे ठेकेदार बाहेरचा होता. इथे गावातल्या पुरुषांनीच बांजाचं जंगल फलोत्पादन खात्याला द्यायला होकार दिला होता. बदल्यात रस्ता, वीज, दवाखाना, शाळा मिळणार होती. लालूच खोटी नव्हती, गरजेच्याच गोष्टी होत्या. बायका मात्र अडून बसल्या. कारण उघड आहे. जंगल गेलं की सरपणा-वैरणीसाठी लांब चालायचं कोणी? त्यांनीच. होकार देताना त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी तोड थांबली, आणि त्यानंतर बायकांनी वन पंचायतीतही जागा मागितली.

आपल्याकडे वनहक्क समितीत एक तृतीयांश महिला हव्यात असा नियमच आहे. तुमच्या गावच्या समितीत डोक्यावर मोळी आणणाऱ्या किती जणी आहेत, आणि बैठकीला नवरा जातो की त्या स्वतः जातात? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा.