पोबारा कुठून आला?

पोलिसांना पाहताच चोरानं पोबारा केला, असं वाक्य आपण कितीदा तरी वाचतो. हा पोबारा मुळात चोराचा नाही, सारीपाटावरचा आहे. उत्तरेत या खेळाला चौसर म्हणतात. पौ म्हणजे एक आणि बारा म्हणजे दोन छक्के. तीन फासे टाकले आणि सहा, सहा, एक असं दान पडलं, की पौबारा. हिंदी-उर्दूत 'पौ बारह' म्हणजे नशीब फळफळणं. मराठीनं त्यातली फक्त धाव उचलली. तेरा घरं ओलांडून निसटणारी सोंगटी आपल्या लोकांना जास्त भावली असावी!

अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी'त या खेळाची रीत लिहून ठेवली आहे. फासा लांबट, त्याच्या चार बाजूंवर १, २, ५ आणि ६ ठिपके. तीन-चार नाहीतच. तीन फाशांची मिळून ६४ दानं होतात, त्यांत पौबारा तीनदा. सहा-पाच-दोन यांचीही बेरीज तेराच, आणि ती सहा वेळा येते. पण तो पौबारा नव्हे. इथं नुसत्या बेरजेला मान नाही, जोडीला आहे. एका घरात आपल्या दोन सोंगट्या आल्या की त्यांचं जुग होतं. दोन छक्के पडले तर जुग न मोडता सहा घरं पुढं जातं, उरलेल्या एक्क्यावर तिसरी सोंगटी सरकवायची. एकटी सोंगटी सापडली की मारली जाते, तिनं पुन्हा पहिल्यापासून चालायचं. जुगाला मात्र एकट्यादुकट्या सोंगटीचं भय नाही.

अकबराच्या दरबारात कधी कधी दोनशे माणसं खेळायला बसत. सोळा डाव पुरे झाल्याखेरीज घरी जायची मुभा नसे. काहींना तीन-तीन महिने लागत. कंटाळा दाखवणाऱ्याला मद्याचा प्याला रिचवावा लागे. बादशहा यातून माणसं पारखत होता, असं अबुल फजल सांगतो. माझा यावर अर्धाच विश्वास. धन्याचा छंद दरबारी लेखक शहाणपणाच्या भाषेतच लिहिणार.

कवीला ती सवलत नव्हती. मिर्झा गालिबला चौसरचा नाद, तोही पैसे लावून. १८४७ मध्ये दिल्लीत घरी जुगार चालवल्याच्या आरोपावरून सहा महिन्यांची शिक्षा झाली. तीनेक महिन्यांनी सुटका झाली, पण अपमान मनात राहिला.

आमच्या घरात फासा निषिद्धच. हदीसमध्ये फाशांच्या खेळाला मनाई आहे आणि वडील नेमाचे नमाजी. दादी मात्र दुपारी ते बाहेर पडले की फरशीवर खडूनं पंचवीस घरं आखायची. सोंगट्या म्हणून फुटक्या बांगड्यांचे तुकडे, फाशांच्या जागी चार कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चंग, म्हणजे चार. चारही पालथ्या तर अष्टा, म्हणजे आठ. दोन्हींना पुन्हा दान. "पैसा नाही लावला, मग जुगार कसला?" ती म्हणायची.

एकदा वडील लवकर आले. दादीनं घाईनं पदर कवड्यांवर टाकला, पण पट उघडाच राहिला. वडील चपला काढता काढता थांबले, खाली वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अम्मा, तुमची ती कोपऱ्यातली हिरवी मरतेय."