खासगी मालकीचं छोटं मातीचं धरण फुटतं कसं? आणि ते फुटू नये म्हणून काय करायचं असतं?

१४ मार्च २००६. अमेरिकेच्या हवाई राज्यातलं काउआई बेट. कित्येक दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. त्या दिवशी पहाटेच्या अंधारात ‘का लोको’ नावाचं जुनं मातीचं धरण फुटलं आणि सुमारे १५० कोटी लिटर पाणी ओढ्याच्या वाटेने समुद्राकडे सुटलं. दहा हजार लिटरचे दीड लाख टँकर एकाच वेळी रिकामे केले तर जेवढं होईल, तेवढं पाणी. वाटेतली झाडं, घरं, रस्ता काहीच टिकलं नाही. ७ जणांचा जीव गेला. त्यात एक लहान मूल होतं, एक गरोदर महिला होती.

का लोको हे कोयनेसारखं अवाढव्य धरण नव्हतं. १८९० च्या सुमारास उसाच्या मळ्यांना पाणी देण्यासाठी घातलेला तो मातीचा बांध. पुढे साखरेचा धंदा बंद पडला, जमिनी विकल्या गेल्या आणि धरण खासगी मालकीत आलं. अमेरिकेत अशी खासगी धरणं थोडीथोडकी नाहीत. तिथल्या सरकारी यादीतली निम्म्याहून जास्त धरणं खासगी मालकीची आहेत.

मग अशी धरणं फुटतात का? आणि फुटू नयेत म्हणून मालकाने नेमकं काय करायचं असतं? तेच सोप्या भाषेत समजून घेऊ.

मातीचं धरण म्हणजे कच्चं धरण का?

नाही. आपलं जायकवाडी धरणसुद्धा मातीचंच आहे. योग्य माती थराथराने टाकून, पाणी मारून, रोलरने नीट दाबली की ती पाणी अडवते. चांगल्या धरणात मधला गाभा चिकण मातीचा असतो, बाहेरचा भाग तुलनेने भरड मातीचा असतो. लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग करतात.

पण मातीच्या धरणाला एक गोष्ट सहन होत नाही. ती म्हणजे माथ्यावरून वाहणारं पाणी. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी गेलं तरी ते सहसा तग धरतं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते मागच्या उतारावरची माती कापायला लागतं. एक घळ पडते. तिच्यातून जास्त पाणी येतं, घळ आणखी रुंद होते. एकदा हे सुरू झालं की काही तासांत, कधी त्याहून लवकर, सगळा बांध वाहून जातो.

म्हणून सांडवा महत्त्वाचा

पाणी माथ्यापर्यंत पोहोचूच नये यासाठी धरणाच्या एका बाजूला, माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर वाट ठेवलेली असते. हाच सांडवा. तलाव भरला की जास्तीचं पाणी इथून निघून जातं. प्रेशर कुकरला जशी शिटी, तसा धरणाला सांडवा.

अडचण अशी की वर्षातले बहुतेक दिवस सांडवा कोरडा असतो. बघणाऱ्याला ती नुसती मोकळी, पडीक जागा वाटते. मग कुणी तिथे माती टाकतं, कुणी रस्ता काढतं. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून कुणी जाळी लावतं. तलावात अजून हातभर पाणी साठावं म्हणून कुणी फळ्या किंवा वाळूच्या गोण्या लावतं. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे कुकरच्या शिटीवर बोट ठेवण्यासारखी आहे.

का लोकोच्या चौकशीत हाच मुद्दा पुढे आला. राज्य सरकारने नेमलेल्या स्वतंत्र तपासाचा अहवाल २००७ मध्ये आला. धरणाचा सांडवा बुजवला गेल्याचं दिसतं, असं त्यात म्हटलं होतं. राज्याच्या यंत्रणेने या धरणाची कधी तपासणीच केली नव्हती, हेही त्यातून समोर आलं. कागदोपत्री हे ‘कमी धोक्याचं’ धरण होतं.

मालक जेम्स फ्लूगर यांनी सांडवा बुजवल्याचा आरोप फेटाळला होता. पण २०१३ मध्ये त्यांनी लोकांचा जीव धोक्यात घातल्याच्या आरोपाला विरोध न करण्याची भूमिका घेतली. २०१४ मध्ये त्यांना ७ महिन्यांची कैद झाली. दुर्घटनेनंतर हवाईने २००७ मध्ये धरण सुरक्षेचा नवा कायदा केला.

दुसरा धोका आतून येतो

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडीवर पाणी आलं. ते धरण खासगी नव्हतं, सरकारी होतं. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचं विधान केलं. त्यावर किती मीम्स आले, ते तुम्हाला आठवत असेलच.

गंमत बाजूला ठेवली तर बिळं करणारे प्राणी मातीच्या धरणाला घातक असतात, हे खरं आहे. खेकडे, घुशी, साळिंदर यांच्या बिळांमुळे पाण्याला आतून वाट मिळते. झाडांचंही तसंच. बांधावरचं झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. पाणी सोडण्यासाठी बांधातून जो पाइप नेलेला असतो, त्याच्या कडेनेही पाणी वाट काढतं. पाणी जाताना मातीचे कण सोबत नेतं आणि आतल्या आत बोगदा तयार होतो.

पण बीळ एका रात्रीत धरण पाडत नाही. ते वेळेत कुणी बघितलं का, हा खरा प्रश्न असतो. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या.

गळती दिसली तर घाबरायचं का?

मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणं नैसर्गिक आहे. बघायचं ते पाण्याच्या रंगाकडे आणि प्रमाणाकडे.

* पाणी स्वच्छ आहे आणि रोज तेवढंच येतंय : लक्ष ठेवा, नोंद ठेवा.
* पाणी अचानक वाढलं : इंजिनिअरला लगेच बोलवा.
* पाणी गढूळ झालं : बांधाची माती वाहून जातेय. ही आणीबाणी आहे.

अशा वेळी बाहेरच्या तोंडावर चिखल थापून गळती बंद करायला जाऊ नये. पाणी आत कोंडतं आणि दुसरीकडून जोराने बाहेर येतं. माती अडेल पण पाणी निघून जाईल, असा वाळू-खडीचा थर देणं हा खरा उपाय आहे. तो जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

मालकाने काय करायचं असतं?

१. पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर बांधावर चालत फेरी मारायची. फक्त माथ्यावरून नाही, पायथ्यालाही. भेगा, खचलेली जागा, बिळं, ओल, नेहमीपेक्षा हिरवंगार दिसणारं गवत शोधायचं.

२. बांधावर आखूड गवत हवं, झाडंझुडपं नकोत. रोप लहान असतानाच काढायचं. मोठं झालेलं झाड मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय मुळासकट उपटायचं नाही.

३. सांडवा कायम मोकळा ठेवायचा.

४. पाणी सोडायचा दरवाजा वर्षातून एकदा तरी चालवून बघायचा. गंजून अडकलेला दरवाजा ऐनवेळी उघडत नाही. मात्र तलाव एकदम रिकामा करायचा नाही, कारण ओला उतार घसरू शकतो.

५. एक वही ठेवायची. तारीख, पाण्याची पातळी, गळती लिहायची आणि दर वेळी त्याच जागेवरून मोबाइलवर फोटो काढायचा. हळूहळू होणारा बदल असाच पकडता येतो.

६. धरणाखाली कोणती घरं आहेत, त्यांचे फोन नंबर काय, रात्री दोन वाजता कुणी कुणाला फोन करायचा, हे आधीच लिहून ठेवायचं.

यातल्या बहुतेक कामांना पैशांपेक्षा लक्ष जास्त लागतं.

कायदा काय म्हणतो?

खासगी तलावावरून झालेला एक खटला जगभरातले कायद्याचे विद्यार्थी शिकतात. इंग्लंडमध्ये १८६० मध्ये एका गिरणीमालकाच्या नव्या तलावाचं पाणी खालच्या जुन्या खाणीच्या वाटेने शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत घुसलं. १८६८ मध्ये ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या खटल्याचा अंतिम निकाल लागला. धोकादायक गोष्ट आपल्या जमिनीवर साठवली आणि ती सुटली, तर तुमचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी नुकसान तुम्हीच भरायचं. भारतातल्या न्यायालयांनीही हे तत्त्व वापरलं आहे.

भारतात २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची धरणं लांबी, साठा अशा काही अटींमध्ये बसली तरच त्यात येतात. म्हणजे नाल्यावर घातलेला ६-७ मीटरचा बांध या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. कायद्याच्या यादीत नाव नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. धरणाखाली एकच घर असलं, तरी त्या घरासाठी ते मोठंच धरण असतं.

तुम्ही धरणाच्या खाली राहत असाल तर?

वरच्या बाजूला कुणाचा तलाव आहे, हे माहीत करून घ्या. सांडवा बुजवलेला दिसला किंवा गढूळ गळती दिसली, तर मालकाला सांगा आणि ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. परिस्थिती तातडीची असेल तर ११२ वर किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर फोन करा. पाणी सुटल्याचं कळलं तर ओढ्याच्या कडेने पळू नका, बाजूच्या उंच जागेवर जा.

तलावाचा सात-बारा एकाच्या नावावर असतो. फुटल्यावर पाणी मात्र सात-बारा बघत नाही. म्हणूनच ‘धरण माझं आहे, मी काहीही करेन’ हे वाक्य धरणाच्या बाबतीत चालत नाही.